कार्ड की दवाखाना?



आरोग्याचा विषय निघाला की पथ्य, व्यायाम, दिनचर्या यांवर काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा असते. आज मी त्यातलं काही बोलणार नाही. मी पैशाबद्दल बोलणार आहे. माणूस आजारी पडला तर उपचाराचा खर्च कुणी करायचा, कधी करायचा, आणि तो पैसा खर्च झाल्यावर मागे काय राहायचं, हा आजचा प्रश्न आहे. जगानं याची मुख्यतः दोन उत्तरं दिली. पहिलं असं की सगळ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे कर भरावा, त्यातून दवाखाने, डॉक्टर, परिचारिका, औषधं उभी राहावीत आणि ज्याला गरज पडेल त्यानं सरळ आत जावं. दुसरं असं की ज्यानं त्यानं आपला विमा उतरवावा, हप्ता भरावा आणि आजारी पडल्यावर कंपनीकडे दावा करावा. मधल्या वाटाही आहेत. जर्मनी आणि जपान यांच्याकडे विमाच आहे, पण तो सक्तीचा, जवळजवळ सगळ्यांना सामावून घेणारा आणि ठरवून दिलेल्या दरांवर चालणारा आहे. म्हणून मी त्यांना पहिल्या उत्तराच्या शेजारी बसवतो. माझी बाजू आधीच सांगून टाकतो. पहिलं उत्तर अधिक माणुसकीचं आहे हे बहुतेकांना मान्य असतं. ते अधिक स्वस्त आहे आणि अधिक शहाणपणाचंही आहे, हे मला आज मांडायचं आहे.

या विचाराचं मूळ शोधायला लंडनला जायलाच हवं असं नाही, नाशिकपासूनही सुरुवात करता येते. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ सालचा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पुढे आयसीएसमध्ये नोकरी. १९४३ साली, बंगालच्या दुष्काळात माणसं मरत होती त्याच वर्षी, त्यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचाराला मुकता कामा नये, हे त्या अहवालाचं पहिलं तत्त्व. ते पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं म्हणणं मात्र आपण विसरलो. आरोग्यसेवा सर्वांना भेदभाव न करता मोफत द्यावी, आणि ज्यांची ऐपत आहे त्यांचा वाटा करांच्या मार्गानं घ्यावा, असं समितीनं सुचवलं होतं. म्हणजे सधन माणसानं पैसे द्यायचेच आहेत. पण कधी द्यायचे? कमावत असताना, धडधाकट असताना. खाटेवर पडल्यावर नाही. आजचा सगळा वाद या एका 'कधी'भोवती फिरतो.

भोर समितीचा अहवाल आला त्याच १९४६ साली ब्रिटनच्या संसदेनं राष्ट्रीय आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा कायदा मंजूर केला. ५ जुलै १९४८ रोजी ती सेवा सुरू झाली. त्याआधी ब्रिटनमध्ये काहीच नव्हतं असं समजू नका. तिथे विमा होता. १९११ च्या कायद्यानं कामगारांना विमा मिळाला होता, पण तो कामगाराला. त्याच्या बायकोला नाही, मुलांना नाही. नवरा खोकला तर डॉक्टर, बायको खोकली तर काढा. १९४८ च्या जुलैत दवाखान्यांची दारं उघडली तेव्हा वर्षानुवर्षं अंग बाहेर येण्याचं दुखणं सोसत घरकाम करणाऱ्या बायका रांगेत उभ्या असल्याचं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. पहिल्या वर्षभरात ५० लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. हे लोक १९४८ साली एकाएकी आंधळे झाले होते का? नाही. इतकी वर्षं त्यांना धूसर दिसत होतं आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेले. त्या गावात खाणकामगार आणि पोलाद कामगार पगारातून ठरावीक पैसे एकत्र टाकून स्वतःचे डॉक्टर नेमत असत. एका गावानं केलं ते देशानं का करू नये, हा बेव्हन यांचा विचार. डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. १९४८ च्या फेब्रुवारीत झालेल्या कौलात दहातल्या नऊ जणांनी विरोधात मत दिलं. बेव्हन यांनी तडजोडी केल्या, तज्ज्ञांना खासगी व्यवसायाची मुभा ठेवली, पण मूळ तत्त्व सोडलं नाही. आज भारतात शिकलेले हजारो डॉक्टर त्या सेवेचा कणा आहेत, आणि त्यांत मराठी नावंही पुष्कळ सापडतात.

आता अमेरिकेकडे वळू. अमेरिकेनं खासगी विम्याची वाट विचार करून निवडली असा आपला समज असतो. तसं घडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे पगारवाढीवर बंधन आलं. कारखान्यांना माणसं हवी होती, पगार वाढवता येत नव्हता. मग त्यांनी आरोग्यविमा देऊ केला. पुढे त्या विम्याला करात कायमची सूट मिळाली आणि तात्पुरती सोय देशाची व्यवस्था होऊन बसली. १९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सर्वांसाठी राष्ट्रीय विमा सुचवला, तो डॉक्टरांच्या संघटनेनं समाजवादाचा बागुलबुवा उभा करून पाडला. १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं, म्हणजे विमा कंपन्यांना जे नको होते ते सरकारकडे आले. फळ काय मिळालं? २०२३ साली अमेरिकेनं आरोग्यावर माणशी साडेचौदा हजार डॉलर खर्च केले, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्क्यांहून अधिक. ब्रिटनचा खर्च ११ टक्क्यांच्या आसपास. एवढं करून त्या वर्षी अमेरिकेत अडीच कोटींवर माणसं विम्याविना होती, आणि सरासरी आयुर्मान ब्रिटनपेक्षा कमी. आपल्यापैकी अनेकांची मुलं-मुली तिकडे आहेत. नोकरी बदलायची तर आधी विम्याचं काय, हा प्रश्न त्यांना विचारून पाहा. आईवडिलांना भेटीला बोलावताना तिकिटाइतकीच चौकशी विम्याची का करावी लागते, तेही विचारा.

पैसा जातो कुठे? अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्यानं कंपन्यांवर बंधन घातलं की हप्त्यांतून जमलेल्या रकमेपैकी किमान ८० टक्के, मोठ्या गटविम्यात ८५ टक्के, उपचारांवर खर्च झालीच पाहिजे. म्हणजे उरलेले १५-२० टक्के जाहिरात, कागदपत्रं आणि नफ्यात जाणं हे तिथे कायदेशीर आहे. आणि हे फक्त कंपनीच्या बाजूचं झालं. कंपनीकडून पैसे वसूल करायला प्रत्येक रुग्णालयाला आपली माणसं ठेवावी लागतात. एका बाजूला दावा नाकारणारे कारकून, दुसऱ्या बाजूला तो मंजूर करून घेणारे कारकून, आणि दोन्हींचा पगार रुग्णाच्या खिशातून. कॅनडा हा शेजारी देश, तिथे डॉक्टर खासगी आहेत पण पैसे देणारं सरकार एकच. २०१७ च्या आकड्यांवर केलेल्या तुलनेत आरोग्यखर्चातला प्रशासनाचा वाटा अमेरिकेत ३४ टक्के निघाला, कॅनडात १७ टक्के. डॉलरमागे जे जादा सेंट प्रशासनावर जातात त्यांतून कुणाचा ताप उतरत नाही.

आपल्याकडचा विमाही जरा जवळून पाहू. मेडिक्लेम १९८६ साली आला, आणि मध्यमवर्गाला तो आपला वाटला. पाच लाखांची पॉलिसी घ्या. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५००० रुपये धरलेलं असतं. रुग्णालयात त्या भाड्याची खोली रिकामी नाही, म्हणून आठ हजारांची घेतली. आपण समजतो, रोजचे तीन हजार आपण भरू. तसं होत नाही. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, शस्त्रक्रियागृहाचं भाडं, हे सगळं पाचास आठ या प्रमाणात कापलं जातं. ही रक्कम एक लाख साठ हजार असेल तर कंपनी एक लाख देते आणि साठ हजार घरातून जातात. वर हातमोजे, गाऊन, मास्क यांची 'नॉन-मेडिकल' म्हणून निराळी यादी असते. कॅशलेसची मंजुरी टीपीएकडून, म्हणजे कंपनीचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थाकडून, येईपर्यंत डिस्चार्जचा कागद हातात पडत नाही. सकाळी घरी जा म्हणून सांगितलेला माणूस दिवेलागणीपर्यंत खाटेवर बसून राहतो. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. हे सारं करारात छापलेलं आहे. माझा मुद्दा नेमका तोच आहे. ज्या करारात आजारी माणसाला आपल्या खोलीच्या भाड्यावरून सर्जनच्या फीचं गणित करावं लागतं, त्याला आरोग्याची हमी म्हणायचं का?

आणि या विम्यात न बसणारी दुखणी किती! मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाबाची तपासणी, मुलाचा ताप, बाईचं अंगावरून जाणं. माणूस खाटेवर आडवा होईपर्यंत नेहमीच्या पॉलिसीला तो दिसतच नाही. रक्तदाबाची दोन-तीन रुपयांची गोळी तिच्या हिशेबात नसते, ती न घेतल्यानं आलेला झटका मात्र असतो. त्यातही विमा कंपनीला निरोगी माणूस हवा असतो. हा तिच्या मालकांचा दुष्टपणा नव्हे, तिच्या धंद्याचं गणित आहे: आधीपासूनच्या आजाराला वर्षानुवर्षं थांबायला लावणं, वय वाढेल तसा हप्ता वाढवणं. जोखीम निवडून घेतली नाही तर कंपनी बुडेल. सार्वजनिक व्यवस्थेला निवड करताच येत नाही. दारात आला तो आपला. म्हणूनच तिला आजार दारात येण्याआधी थांबवण्यात स्वारस्य असतं. देवीचं उच्चाटन कुठल्या पॉलिसीनं केलं? मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. तो दिवस आणला घरोघर थेंब पाजत फिरणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, आणि त्या मोहिमांसाठी लस पुरवणाऱ्यांत मुंबईचं हाफकिनही होतं.

इथे थोडं थांबून मला रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्याबद्दल बोलायचं आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. पेंढा हलवताना, लाकूडफाटा उचलताना, अंधारात पायात चप्पल सरकवताना तो डसतो. डंखानंतर घाम फुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून हृदय थकतं. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत असत, त्यात मुलं बरीच. पुस्तकात यावर नेमका इलाज नव्हता. बावस्करांनी एकेका रुग्णाशेजारी रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, विषाचा हल्ला कसा चढतो ते उलगडलं आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो हे दाखवून दिलं. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले. मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर उतरलं. आता मला सांगा, या संशोधनाला बाजारात गिऱ्हाईक कोण होतं? विंचू चावलेला माणूस शेतमजूर, औषध स्वस्त, नफा नसलेलं. तिथे एक सरकारी केंद्र होतं, तिथे एक डॉक्टर नेमलेला होता आणि त्या डॉक्टरला समोरच्या रुग्णाकडून पैसे वसूल करायचे नव्हते, म्हणून हे घडू शकलं. त्यांची बुद्धी आणि जिद्द त्यांचीच. पण ती वापरायला जागा सार्वजनिक व्यवस्थेनं दिली.

आता आक्षेप. सार्वजनिक व्यवस्थेत रांगा असतात, हा पहिला. खरं आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२३ ला प्रतीक्षायादीत ७७ लाखांहून अधिक उपचार अडकलेले होते, आणि गुडघा बदलून घ्यायला वर्षभर थांबणाऱ्या माणसाला आकडेवारी सांगून त्याची वेदना कमी होत नाही. पण तीच सेवा, तेच तत्त्व असताना २०१० साली ही यादी सुमारे २५ लाखांची होती आणि अठरा आठवड्यांचं उद्दिष्ट पाळलं जात होतं. मधल्या काळात काय बदललं? पूर्वी निधी महागाई वजा जाता वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी वाढत असे, तो २०१० नंतरच्या दशकात एक-दीड टक्क्यानं वाढू लागला. त्यावर कोविड आला. उपाशी ठेवलेल्या बैलाला चालत नाही म्हणून दोष द्यायचा का? आणि दुसऱ्या बाजूची रांग कुणी मोजतं का? ज्याला परवडत नाही तो रांगेत उभाच राहत नाही. तो घरी बसतो. त्याची यादी कुठेच लागत नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा: फुकट मिळालं की लोक उधळपट्टी करतात. याची कसोटी अमेरिकेतच लागली आहे. रँड या संस्थेनं १९७० च्या दशकात हजारो कुटुंबांवर मोठा प्रयोग केला. काहींना सगळे उपचार मोफत, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. वाटा उचलणाऱ्यांनी उपचार कमी घेतले, हे खरं. पण त्यांनी नको ते उपचार टाळले तसेच हवे तेही टाळले, जवळपास सारख्याच प्रमाणात. आणि गरीब कुटुंबांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांची प्रकृती मोफत उपचार घेणाऱ्यांपेक्षा वाईट राहिली. साधी गोष्ट आहे. छातीतली कळ पित्ताची की हृदयाची, हे रुग्णाला कळलं असतं तर तो डॉक्टरकडे गेलाच कशाला असता? पैशाची भीती घातली की माणूस शहाणपणानं निवड करत नाही, दुखणं अंगावर काढतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड, कारण तो आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. सरकारी दवाखान्यात जाऊन तर पाहा, लोक म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याची बातमी आली, त्यांत बारा नवजात बालकं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. या घटनेवर कुठलंही तत्त्वज्ञान पांघरता येणार नाही आणि मी ते पांघरणार नाही. पण तिचा अर्थ काय काढायचा? देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, आपण ज्यांना ग्रामीण रुग्णालयं म्हणतो तिथे, लागणाऱ्या सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन यांची सुमारे ८० टक्के कमतरता असल्याचं २०२१-२२ चा सरकारी अहवालच सांगतो. तालुक्याला बालरोगतज्ज्ञ नसेल तर अत्यवस्थ बाळ जिल्ह्याला येणार, आणि उशिरा येणार. २०२१-२२ साली केंद्र आणि राज्यं मिळून देशात आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के खर्च करत होती. २०१७ च्या धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन दिलं होतं. जी व्यवस्था आपण कधी पुरती उभीच केली नाही, ती अपयशी ठरली असं कसं म्हणायचं? जिथे उभी केली तिथे ती काय करते तेही पाहा. वैज्ञानिक नोंदींसह सिद्ध झालेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९८६ साली जन्मलं ते डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून, मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. मध्यमवर्ग सरकारी दवाखान्यातून उठून गेला तेव्हा दवाखान्याचा आवाज गेला. ज्याच्या तक्रारीची दखल घेतली जाते त्यानंच तिथे जाणं सोडलं.

उरला शेवटचा युक्तिवाद: सरकारनंच गरिबांचा विमा भरावा, झालं काम. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. या योजनांमुळे हृदयशस्त्रक्रिया आणि डायलिसिस झालेली माणसं आज चालत-फिरत आहेत. त्यांची मी हेटाळणी करणार नाही. पण या योजनांच्या कार्डाला खाट लागते, खाटेला परिचारिका लागते. ज्या तालुक्यात योजनेच्या यादीतलं रुग्णालयच नाही तिथे कार्ड खिशात राहतं. २०२० साली कोविडमध्ये पॉलिसी असणाऱ्यांनाही हे उमगलं: विमा होता, खाट नव्हती. शेवटी राज्य सरकारला खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा ठरावीक दरानं ताब्यात घ्याव्या लागल्या. विम्यावर खर्च झालेल्या रुपयामागे एक मिटलेलं बिल राहतं. रुग्णालयावर खर्च झालेल्या रुपयामागे इमारत राहते, तिथे शिकलेला डॉक्टर राहतो, पुढच्या रुग्णासाठी मोकळी झालेली खाट राहते. म्हणून योजना जरूर चालू द्या, पण ती सार्वजनिक रुग्णालयांच्या मदतीला. त्यांच्या जागी नको.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. भोर समितीनं सांगितलेल्या वाटेवरचं हे चांगलं पाऊल आहे. पण केसपेपर फुकट आणि आत डॉक्टर नाही, अशी अवस्था राहिली तर लोकांचा उरलासुरला विश्वासही जाईल. म्हणून इथे बसलेल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एवढी माहिती लेखी मागा. ती हातात घेऊन आपल्या आमदारांना अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी भेटा. आणि ज्यांना खासगी दवाखाना परवडतो त्यांनी तर अवश्य भेटा, कारण तुमचं म्हणणं लवकर ऐकलं जातं.